पाटीभर मातीचा धर्म

कचेरीतल्या फायलींचं एक बरं असतं. ठरावीक वर्षांनी त्या नष्ट करायची रीतसर परवानगी मिळते, यादी होते, मागच्या अंगणात शिपाई त्यांची होळी करतो आणि एक कपाट मोकळं होतं. किश्शांचं तसं नाही. त्यांना मुदत नाही, कपाट नाही, आणि ते नष्ट करा म्हणून वरून कधी पत्रही येत नाही. ते साचतच जातात. मग आमच्यासारखी दोन रिटायर माणसं भेटली, की चहा येईपर्यंत दोन आणि चहा गार होईपर्यंत चार निघतात.

आता सांगतो ते सगळे एकाच तहसील कचेरीतले, आणि खरं तर एकाच फायलीतले. तालुक्याचं नाव मुद्दाम घेत नाही. जिल्हा कागदावर उस्मानाबाद होता, एसटीच्या फलाटावर म्हातारी माणसं धाराशिव म्हणायची. कचेरीपासून एका अंगाला नळदुर्ग, दुसऱ्या अंगाला लोहारा. मी फौजदारी शाखेत कारकून. फौजदारी म्हटलं की लोकांना कुऱ्हाडी आठवतात. आमच्याकडं यायचे ते अर्ज, चौकशा आणि जबाब.

फायलीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'माळेवाडी तलावावरील इसमांबाबत'. आम्ही तिला नुसतं तळ्याची फाईल म्हणायचो.

हे तळ्यावरचे लोक कोण, ते आधी सांगायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात माळेवाडीला पाझर तलावाचं काम निघालं. आसपासच्या खेड्यांतली माणसं खडी फोडायला, माती वाहायला आली. पाटलाची सून आणि गावकुसाबाहेरची म्हातारी एका ओळीत बसायच्या, एकाच पातेल्यातली सुकडी खायच्या, कारण दुसरी ओळ करायला कुणाच्या अंगात बळच नव्हतं. मग पाऊस झाला, काम संपलं, माणसं आपापल्या गावी गेली. थोडी माणसं मात्र गेली नाहीत. त्यांचं म्हणणं, गावात गेलं की परत वेगळ्या ओळी. त्यांनी बांधाच्या पायथ्याशी झोपड्या घातल्या. आडनावात जात दिसते म्हणून आडनावं टाकली, नावावरूनही कळते म्हणून नावं टाकली. सगळे पुरुष बापू, सगळ्या बाया माय. देव नाही, पोथी नाही. उजाडलं की प्रत्येकानं एक पाटी माती बांधावर नेऊन टाकायची, हीच त्यांची पूजा. दिवसभर मजुरी करायची, हंगामात ढोकीकडं ऊस तोडायला जायचं, आणि जेवायला सगळ्यांनी एका ओळीत बसायचं.

एवढंच. पण एवढ्यानं आसपासच्या गावांचं डोकं उठलं. धर्म बुडवला, जादूटोणा केला, बायका डांबून ठेवल्या, असे अर्ज यायला लागले.

आणि त्या तळ्यावर माझी बहीण होती. गौराक्का. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा आणि ती बारा-तेराची. मला तिनंच वाढवलं. लोहाऱ्याकडं एका गावात तिला दिली. मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी केली. दुष्काळात ती तळ्याच्या कामावर गेली आणि परत आली नाही, ना त्या घरी ना आमच्या. सात-आठ वर्षं मी तिची वाट बघत होतो. कचेरीत हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. बाकीचे त्या फायलीत कायदा शोधायचे, मी त्यात तिला घरी आणायची वाट शोधायचो.

*

एकदा वरून पत्र आलं, 'आपल्या तालुक्यातील वादग्रस्त धर्म व पंथांची माहिती तात्काळ सादर करावी.' वादग्रस्त म्हणजे काय, ते पत्रात नव्हतं. आम्ही ते टाइप करून सगळ्या तलाठ्यांकडं धाडलं.

त्या काळात तलाठ्याला दर आठवड्याला सिमेंटची, बियाण्याची, खताची माहिती पाठवावी लागायची. हात बसलेला. एका तलाठ्याचं त्याच्या सज्जाबद्दल, म्हणजे त्याच्या ताब्यातल्या गावांबद्दल, उत्तर आलं, 'सदर सज्जामध्ये वादग्रस्त पंथ शिल्लक नाही. आवश्यकता असल्यास मागणी नोंदवून घ्यावी.'

दुसऱ्यानं फार मेहनत घेतली होती. गावातली देवळं, मशीद, मठ, पिंपळाखालचा शेंदूर लावलेला दगड, अशी दोन पानं यादी, आणि खाली शेरा, 'वरीलपैकी वादग्रस्त कोणते ते वरिष्ठांनी ठरवून कळवावे, म्हणजे त्याप्रमाणे ठेवू.'

आमचे तहसीलदार साहेब कोकणातले, हळू बोलणारे. त्यांनी दोन्ही उत्तरं वाचली, चष्मा पुसला आणि आमच्या अव्वल कारकुनाला, म्हणजे कांबळे भाऊसाहेबांना विचारलं, "यातलं पहिलं जसंच्या तसं वर पाठवलं तर काय होईल?"

कांबळे म्हणाले, "काय न्हाय साहेब. मागणी येईल."

*

कांबळे भाऊसाहेब हा एक वेगळाच माणूस. छप्पन्नमध्ये त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला, तेव्हा ते शाळेत होते. तोंडात कायम सुपारी, आणि ड्राफ्ट असा करायचे की साहेबाला स्वल्पविरामही हलवता येऊ नये.

नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या सर्व्हिस बुकात जुना धर्म लागला होता, शाळेच्या दाखल्यावरून. तो बदलावा म्हणून त्यांनी अर्ज दिला. त्या वेळचा हेडक्लार्क मोठा नियमाचा माणूस. तो म्हणाला, "नवा धर्म घेतल्याचा पुरावा आहे, कबूल. पण जुना सोडल्याचा कुठाय?"

"तो कसा आणायचा?"

"गावातल्या देवळाच्या पुजाऱ्याकडनं दाखला आणा, की हे गृहस्थ आता देवळात येत नाहीत."

कांबळे खरंच गावी गेले. पुजारी भला माणूस होता, पण विचारात पडला. आठवड्यानं कांबळे रिकाम्या हातानं परत आले आणि हेडक्लार्कच्या टेबलासमोर उभे राहिले.

"पुजारी म्हणतोय, तुमाला कवा आत घेतलंच न्हवतं. आता येत न्हाईत असं कसं लिवून देऊ?"

हा किस्सा ते हसत हसत सांगायचे, आम्हीही हसायचो. सर्व्हिस बुक दुरुस्त व्हायला किती वर्षं गेली ते मात्र कधी सांगत नसत.

*

तळ्याच्या पहिल्या चौकशीला साहेब स्वतः गेले, लिहायला मी. आधी तिथं राहणाऱ्यांची यादी करायची होती. बांधाखाली एक घोंगडी अंथरली होती. साहेबांनी एका म्हाताऱ्याला पुढं बोलावलं. काम चालू असताना हा मुकादम होता म्हणे.

"नाव?"

"बापू."

"वडिलांचं नाव?"

"बापूच आसंल."

"आडनाव?"

"टाकलं."

"कुठं टाकलं?"

म्हाताऱ्यानं बांधाकडं बोट केलं. "तितं. पाटीसंगं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी तीन रकाने आखून बसलो होतो, त्यातले दोन रिकामे. पुढचा आला, तोही बापू. त्याच्या मागचाही. शेवटी त्या मुकादमालाच आमची दया आली. तो म्हणाला, "आकडा लिवा साहेब. आकड्याला जात न्हाय."

मग मी आकडे लिहिले. बापू एक, बापू दोन. पुरुष संपले, बाया परत एकपासून सुरू झाल्या. ओळीत गौराक्का उभी होती. केस पिकायला लागले होते, पायाला भेगा. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि 'माय' म्हणाली. मी लिहिलं, 'माय, क्रमांक सतरा'. मला घास भरवणाऱ्या बाईला माझ्याच हातानं मी सतरावी केली. ती पुढं सरकली, मी अठरा लिहिलं.

 परत येताना साहेब जीपमध्ये म्हणाले, "माणसानं देव मानू नये, ते मी समजू शकतो. पण नावच नसेल तर सरकारनं नोटीस काढायची कुणाच्या नावानं?"

*

नोटीस काढायची वेळ आलीच. ओव्हरसियर आले, टेप लावून बांध मोजला आणि कचेरीत येऊन खुर्चीत बसले. रोज प्रत्येकाची एक पाटी, अशी इतकी वर्षं. बांध मंजूर उंचीच्या वर गेला होता. त्यांनी अहवालात लिहिलं, 'अनधिकृत धार्मिक भराव'.

साहेबांनी विचारलं, "बांध कच्चा झालाय का?"

"नाही साहेब. चांगला पक्का आहे. आमच्या इतर बांधांपेक्षा पक्का. तीच अडचण आहे. उद्या लोक विचारतील, मग बाकीचे का फुटतात?"

साहेब म्हणाले, "कुणाच्या देवात सरकारनं पडू नये. पण देवच सरकारच्या बांधावर येऊन बसला तर काय करायचं?"

त्या दिवशी अख्खा दुपारचा वेळ एका नोटिशीच्या ड्राफ्टला गेला. मी लिहिलं, 'सदर पूजा तात्काळ थांबवावी.' साहेबांनी खोडलं. सरकार कुणाला पूजा थांबव असं सांगू शकत नाही म्हणाले. मग लिहिलं, 'माती टाकणे थांबवावे.' कांबळे म्हणाले, "म्हंजी पूजाच की ती." ओव्हरसियर म्हणाले, काहीतरी लिहा, नाहीतर पावसाळ्यात भुसभुशीत माती वाहून गेली तर माझ्या गळ्याशी येईल. शेवटी सगळ्यांचं ज्यावर एकमत झालं ते असं, 'माती टाकल्यानंतर ती पायाने नीट चोपून घेण्यात यावी.' खाली सही, शिक्का.

मी ती नोटीस तळ्यावर नेऊन वाचून दाखवली. मुकादमानं हात जोडून ऐकली.

महिन्यानं गेलो तर सकाळची वेळ. पाटी रिकामी केली की प्रत्येकजण तिथंच डोळे मिटून मातीवर पाय चोपत होता. नव्यानं आलेल्या एका माणसाला मी विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, "आसंच हाय आमच्यात. पैल्यापासनं."

कांबळेंना सांगितलं तर त्यांनी सुपारी बाजूला केली आणि म्हणाले, "शिवाप्पा, फायलीतनं त्या नोटिशीची स्थळप्रत काढून घ्या. उद्या कुणी म्हणंल, ह्यो धर्म तहसीलदारानं काढलाय."

*

जीपचा ड्रायव्हर खाजाभाई, नळदुर्गचा. पाच वेळचा नमाजी. एरवी चाळीस मैल गाडी हाकली तरी वाटेत थांबायचा नाही. पण माळेवाडीच्या फाट्याच्या आसपास कुठंही काम निघालं, की हमखास म्हणायचा, "साब, गाडी कू पानी होना."

मग गाडी तळ्यावर. रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी आणि खाजाभाई ओळीत भाकरीला. दोन-तीन वेळा झाल्यावर साहेबांनी विचारलं, "खाजाभाई, या गाडीला बाकी कुठं तहान लागत नाही?"

खाजाभाई लाजला. म्हणाला, "साब, बाकी जगा पूछके पानी देते. कौन है, कहाँ का है. यहाँ पूछतेच नै."

 पुढच्या वेळी फाटा आला तेव्हा साहेबांनीच विचारलं, "गरमीचा काटा वर गेला का हो?"

मी मात्र गाडीतच फाईल मांडीवर घेऊन बसायचो. ओळीत गौराक्का वाढायला असायची, आणि सरकारी माणसानं त्यांच्यात जेवू नये, असं मी स्वतःला सांगायचो. खरं कारण हे, की त्या ओळीत बसलो असतो तर तिनं वाढलेली भाकरी घशाखाली उतरली नसती.

*

सुट्टीच्या दिवशी मी एकटा जायचो. एसटीनं फाट्यापर्यंत, पुढं पायी.

एका पंचमीला माझ्या बायकोनं, कमलनं, हुग्गी केली. गव्हाची खीर, आमच्या घरची. गौराक्का करायची तशी कुणालाच जमत नाही, पण कमलनं जीव लावून केली होती. डबा घेऊन मी गेलो. तिनं झाकण काढून वास घेतला. डोळे भरले तिचे, मी बघितलं. आणि दुसऱ्या क्षणी तिनं अख्खा डबा तिथल्या मोठ्या पातेल्यात उपडा केला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि ढवळलं.

"अक्का, तुझ्यासाठी आणली होती."

"मला आली की वाटीभर. गूळ कमी पडलाय, कमलला सांग."

मी विचारलं, "घरी कधी येतीस?" दर खेपेला विचारायचो.

ती म्हणाली, "घरला आले तर म्या कोण रं? नवऱ्यानं टाकलेली. भावाच्या गळ्यात पडलेली. हितं म्या कोणच न्हाय बग. लई हलकं वाटतंय."

"आणि मी?"

"तुला कुणी आडीवलंय? ये की."

ये की. जसं काही मी गेलो होतो आणि ती घरी होती. मला तिचा राग आला, त्या मुकादमाचा आला, त्या बांधाचासुद्धा आला. परतताना एसटीत बसायला जागा मिळाली नाही. तिनं घासून दिलेला डबा हातात घेऊन तालुक्याच्या गावापर्यंत उभा आलो. स्टँडवर कांबळे भेटले. त्यांनी डब्याकडं बघितलं, माझ्या धुळीनं भरलेल्या चपलांकडं बघितलं आणि फक्त चहा घेणार का म्हणाले.

*

नंतर गावोगावचे पुढारी एकत्र होऊन वर भेटून आले आणि आदेश निघाला. तळ्यावरच्या प्रत्येक बाईचा जबाब स्वतंत्र घ्यायचा, ती स्वखुशीनं राहते का ते विचारायचं. एक जरी बाई म्हणाली की मला इथं राहायचं नाही, तर पोलीस बंदोबस्तात सगळ्या झोपड्या हलवायच्या आणि बायकांना नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचं. जागा सरकारचीच होती, त्यामुळं दुसरं कारण शोधावं लागणार नव्हतं.

साहेबांनी मला आत बोलावलं. "एक जरी बाई जायचं म्हणाली आणि आपण गप्प बसलो, तर तो गुन्हा. एकही म्हणाली नाही आणि आपण झोपड्या हलवल्या, तर तोही गुन्हाच. म्हणून नीट लिहा." मग कागद चाळत म्हणाले, "तिथं नात्यातलं कुणी नाही ना तुमच्या? नियम आहे म्हणून विचारतो."

मी म्हणालो, "नाही साहेब."

कांबळे तिथंच उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला रेकॉर्डच्या खोलीत नेलं.

"शिवाप्पा, आजारी पडा. दोन दिवस रजा टाका. मी जातो."

"भाऊसाहेब, ती माझी अक्का आहे. तिला घरी आणायचा मला काहीच हक्क नाही का?"

त्यांनी सुपारी चघळणं थांबवलं. "आमच्या म्हाताऱ्यालाबी असंच कुणीतरी इचारलं हुतं, नवा धर्म घेतला तो स्वखुशीनं का म्हणून. म्हातारा म्हणला, व्हय साहेब, लिवून घ्या. पर जुन्यात हुतो तवा येकानंबी इचारलं न्हाय."

मला ते कळलं नाही असं नाही. पण त्या घटकेला मला फक्त एकच ओळ दिसत होती. एक जरी बाई म्हणाली. सतरा नंबरची एक.

मी रजा टाकली नाही.

*

बांधावरच्या लिंबाखाली शाळेतलं बैठं टेबल मांडलं. एकेक बाई यायची, बाकीच्या लांब बसायच्या. जबाबाची रीत अशी, की बाई सांगेल ते कारकुनानं लिहायचं, वाचून दाखवायचं, आणि मग तिनं अंगठा द्यायचा. शेवटची ओळ ठरलेली असते, 'सदर जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' बाईला वाचता येत नसेल तर ती ओळसुद्धा कारकूनच लिहितो.

सोळा जणींनी एकच सांगितलं, आपापल्या तऱ्हेनं. एकजण म्हणाली, स्वखुशीनं म्हणजे काय ते मला सांगता येत नाही, पण हितनं उठून जावंसं वाटत नाही.

मग गौराक्का आली. समोर मांडी घालून बसली. मी कागदावरच्यासारखं विचारलं, "तुम्ही इथं स्वखुशीनं राहता का?"

"व्हय. माज्या खुशीनं ऱ्हाती. कुणी आडीवलेलं न्हाय. लिव."

मी लिहायला लागलो. 'मी, गौराबाई, धंदा मजुरी, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मला येथे राहावयाचे नाही.' एवढं लिहून थांबलो असतो तरी काम झालं असतं. पण हात थांबेना. 'मला घराची फार आठवण येते. आईच्या पश्चात आम्ही दोघेच होतो. सध्या घरी सर्व आहेत, परंतु करमत नाही. वेळेवर जेवलास का असे विचारणारे कोणी नाही. कित्येक वर्षे वाट पाहून जीव थकला आहे. तरी आम्हांस एकत्र राहू द्यावे, ही विनंती.' खाली ठरलेली ओळ लिहिली.

मग कागद तोंडासमोर धरून मी तिला वाचून दाखवलं. "मी येथे स्वखुशीने राहते. मला कोणीही अडवलेले नाही."  शाईचा पॅड तिच्याकडं सरकवला.

तिनं पॅडला हात लावला नाही. कागद उचलला, मांडीवर ठेवला आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं. बोट सरकायला लागलं. सावकाश, एकेका अक्षरावर थांबत. तिचे ओठ हलत होते.

गौराक्का शाळेची पायरी चढलेली नव्हती. सासरहून तिची पत्रं यायची ती दुसऱ्याच्या अक्षरात, माझी जायची ती दुसरं कुणी वाचून दाखवायचं. तळ्यावर एक म्हातारा मास्तर ओल्या गाळात काडीनं अक्षरं काढून दाखवायचा, ते मी कितीदा पाहिलं होतं. मला वाटायचं, पोरांसाठी असेल.

ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग परत वर आली आणि मधल्या एका ओळीवर बोट बराच वेळ ठेवून बसली. मी खाली बघत होतो. लांब बसलेल्या बायका आमच्याकडं बघत होत्या.

तिनं कागद माझ्यासमोर ठेवला, पॅड माझ्याकडं सरकवला.

"ह्यो तुजा जबाब हाय, शिवू. आंगठा तू दे."

मी दिला. तिनं कागद उचलला, फुंकर मारून शाई वाळवली, घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. वरून हातानं दाबलीही. मग गठ्ठ्यातला एक कोरा कागद ओढून माझ्यापुढं ठेवला आणि पदर सारखा करून नीट बसली.

"आता माजा लिव."